लाकूड, सुतार आणि आपले घर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाही तर ऊसतोडीच्या दरावर बोलू, अशी त्यांची कल्पना असावी. 'हाताने घडवलेले लाकडी सामान आणि घराची आतली मांडणी' असा विषय आम्ही सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. त्यांची शंका रास्त होती. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो, ते वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि सुतारांच्या कामाच्या जागी भुशावर बसून. गेली पंचवीस वर्षे सुतार-गवंड्यांची संघटना बांधण्याच्या कामात गेली. तेथे 'मी' म्हणण्याची सवय सुटली, म्हणून येथेही 'आम्ही'च म्हणणार आहोत. चुकेल ते आपण पदरात घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लाकडी सामानाची रचना कागदावर सुरू होत असली, तरी ती पुरी होते लाकूड ओळखणाऱ्या हातात. त्या हाताला रचनाकाराचा मान आणि दाम आपण देत नाही. असेच चालले तर तो हात उद्या दुसऱ्या कामाला लागेल, आणि मग पैसे मोजूनही चांगले सामान मिळणार नाही. हे आपल्या आष्टीच्या बाबतीत कसे खरे आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्या घराकडे पाहू. येथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचे बालपण माळवदाच्या घरात गेले असेल. जमिनीवर दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. घर केवढे आहे, हे आपण फुटांत सांगत नव्हतो. पाच खणांचे, सात खणांचे असे सांगत होतो. खणाची रुंदी लाकडाने ठरवली होती. कडी जितक्या लांबीवर मातीचे ओझे न वाकता पेलील, तितका खण. म्हणजे घरातल्या माणसाने किती जागेत पाय पसरायचे, पाळणा कोठे टांगायचा, उतरंड कोठे रचायची, हे सारे एका लाकडाच्या ताकदीवरून ठरत होते. भिंतीच्या जाडीतच फडताळ, कोनाडा आणि दिवळी. उजेडाला वर साणे. हलवायचे सामान थोडे: पाट, चौरंग, बाज, पाळणा, एखादी पेटी. आज शहरात ज्याला इंटिरियर म्हणतात आणि ज्यासाठी वेगळा माणूस बोलावतात, ते काम आपल्या गावचा सुतार आणि गवंडी मिळून करीत होते, आणि त्याला कोणी वेगळे नावही देत नव्हते.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली निघाला. त्यात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते प्रत्येकाने वाचावे. सुताराला खळ्यावर धान्य मिळे, पण आपल्या कामाचा दर ठरवण्याचा हक्क त्याला नव्हता. पीक बुडाले की बलुतेही बुडाले. कसब होते, ते जातीला बांधलेले होते. तेव्हा ते दिवस परत आणावेत अशी आमची मुळीच इच्छा नाही. त्या दिवसांत हाताला जे ज्ञान आले, ते मात्र राखण्यासारखे आहे. ते ज्ञान काय, हे आता पाहू.

झाड तोडले तरी लाकूड हलायचे थांबत नाही. ओल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. ते सावलीत, हवेशीर जागी, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वाळवावे लागते. जुना हिशेब असा की, एक इंच जाडीला एक वर्ष. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. आणि त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे दुप्पट. वाळल्यानंतरसुद्धा ते पावसाळ्यात ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडचा वैशाख किती कोरडा असतो, हे आपल्याला सांगायला नको. दमट हवेच्या गावी बनलेले टेबल येथे आले की पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुर करते, ते यामुळे.

जुन्या दाराकडे नीट पाहा. बाहेर भक्कम चौकट आणि आत बसवलेला दिलहा. ती आतली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते. तिला खिळा नाही, सरस नाही. तिला हलायला जागा ठेवलेली असते. आपण तिला नक्षी समजतो. सुतार तिला हवामानाची सोय समजतो. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि वरून आरपार लाकडी खुंटी. अशा सांध्यात लाकूड लाकडाला धरते आणि वेळ आली तर खुंटी ठोकून सुटेही करता येते. खिळ्याने मारलेले लाकूड सोडवताना फाटते.

हे ज्ञान आम्हाला फुकट मिळाले नाही. संघटनेच्या कचेरीसाठी एक मोठे टेबल करायचे ठरले. तो आषाढ होता. सुतारमामा म्हणाले, "वरच्या फळ्या घट्ट जखडू नका साहेब, खालून थोडी सरकती ठेवू." आम्हाला वाटले, मामा काम लांबवत आहेत. आम्ही चार शहाण्यांसारखे सांगितले की, चांगला गोंद लावा, खिळे मारा आणि पक्के करा. पुढच्या वैशाखात बैठक चालू असताना बंदुकीसारखा आवाज झाला आणि टेबलाला मधोमध हातभर तडा गेला. मामांना बोलावले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी खालचे खिळे काढले, तड्यावर आडवी अशी डमरूच्या आकाराची शिसवीची पाचर कोरून बसवली, आणि तडा आहे तेथेच थांबला. आज त्या टेबलावर लोकांची पहिली नजर त्या काळ्या डमरूवर जाते.

पुढे वाचनात आले की, जॉर्ज नाकाशिमा नावाच्या एका मोठ्या कारागिराने अशाच पाचरीने जगभर नाव मिळवले. हे गृहस्थ जपानी वंशाचे अमेरिकन, शिक्षणाने वास्तुविशारद. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ते पाँडिचेरीला गोलकोंड या इमारतीच्या कामावर होते. युद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, तेव्हा एका छावणीत त्यांना जपानी पद्धतीचा एक सुतार भेटला, आणि या पदवीधर माणसाने त्याच्या हाताखाली हत्यार धरले. पुढे ते फळीची कड सरळ न कापता झाडाची होती तशीच ठेवू लागले, आणि तडा न लपवता त्यावर फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवू लागले. १९६४ साली ते अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेतही येऊन गेले. त्यांचे फुलपाखरू आणि आमच्या मामांचे डमरू एकच आहे. एकाच्या टेबलाला आज कोण किंमत येते. दुसऱ्याच्या कामाचे पैसे आम्ही दोन हप्त्यांत दिले होते, हे येथे कबूल करतो.

आता आपल्या मुलखातल्या झाडांविषयी. नैसर्गिक लाकूड म्हटले की लोकांना सागच सुचतो. साग उत्तम खराच. तो कमी हलतो आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे टिकतो. चंद्रपूरकडच्या सागाची कीर्ती एवढी की, २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड गेले. पण प्रत्येक मुलखाने आपल्या झाडाप्रमाणे घाट काढला आहे. सावंतवाडीची रंगीत फळे आणि खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर उभी राहिली. कोकणात फणसाचे पिवळे लाकूड दारांना आणि पाटांना वापरतात. आपले झाड बाभूळ. तिचा गाभा तांबूस, जड आणि चिवट. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, औताची लाकडे तिचीच होत. ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे कीड कमी लागे. लिंबाच्या लाकडाला कीड सहसा धरत नाही. कपाटाला ते चांगले. आंबा मऊ आणि स्वस्त, पण ओल लागली की लवकर जातो. चिंचेचा गाभा इतका कठीण की हत्याराची धार परत परत लावावी लागते.

लोखंडी, टायरच्या गाड्या आल्या आणि बाभळीचे काम गेले. त्याबरोबर कडा, धानोरा आणि आसपासच्या गावांतील सुताराचे निम्मे काम गेले. त्यांची काही मुले आज दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात. बाभूळ बांधावर उभी आहे, तिचे होते ते सरपण. आमचे म्हणणे असे की, जे लाकूड खडकाळ रस्त्यावर भरलेली गाडी पेलत होते, ते माणसाच्या बसण्याची खुर्ची सहज पेलील. फक्त तिला पाणी, सावली आणि वेळ दिला पाहिजे. अर्थात झाड तोडण्यावर १९६४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. आपल्या बांधावरच्या झाडाला परवानगी लागते की नाही, हे विचारूनच हात लावावा, आणि एक तोडण्याआधी चार लावावीत.

सामान करताना पहिला प्रश्न लाकडाचा नसतो, वापरणाऱ्याचा असतो. खुर्चीची बैठक जमिनीपासून सोळा ते अठरा इंच, टेबल तीस इंचांच्या आसपास, हे आकडे कोणीही सांगेल. परंतु घरात त्या खुर्चीवर कोण बसणार? आम्ही अनेक घरांत पाहिले की, बैठकीच्या खोलीत नक्षीचा सोफा आहे, आणि दिवसभर शिलाई मशीन चालवणारी घरची सून प्लॅस्टिकच्या मोडक्या स्टुलावर बसते. सोफ्यावर पाहुणे महिन्यातून दोन वेळा बसतात. त्या सुनेच्या गुडघ्याची उंची मोजून, पाठीला टेकू देऊन एक बाभळीची बैठक करणे, ही आमच्या मते घराच्या सजावटीची पहिली पायरी. तीच गोष्ट स्वयंपाकाच्या ओट्याची. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरते. ती स्वयंपाक करणारीच्या कोपराच्या खाली चार बोटे ठेवून ठरवावी.

प्लायवूडची निंदा आम्ही करणार नाही. ते हलत नाही, मोठ्या फळीला सोयीचे, आणि झाड जपून वापरते. फेव्हिकॉल १९५९ साली आले, त्याने सरस उकळण्याच्या त्रासातून सुताराला सोडवले. पण ओल शिरून फुगलेला भुशाचा पत्रा दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. खऱ्या लाकडाचे पाट रंधा मारून पुन्हा नवे होतात. पॉलिशसाठी लाखी दाणा आणि स्पिरिट, किंवा नुसते जवसाचे तेल. जवस तर आपल्याच रानातले. मात्र तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

आता एक गोष्ट आमच्या घरची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही तेव्हा तेविशीत होतो. मदतीच्या ट्रकबरोबर गेलो, आणि दगडमातीखालून माणसे काढताना जे पाहिले, ते येथे सांगवत नाही. घरी परतल्यावर माळवदाखाली झोप येईना. आम्हीच वडिलांच्या मागे लागलो की, हे पाडू आणि स्लॅबच्या दोन खोल्या घालू. १९९४ च्या उन्हाळ्यात माळवद उतरवले. जुने लाकूड घेणारा एक व्यापारी आला. आठ खांब, तुळया, कड्या, नक्षीची चौकट, असे ट्रकभर लाकूड त्याने सरपणाहून थोड्या जास्त भावाने नेले. वडील ट्रकमध्ये चढलेल्या तुळईवरून हात फिरवत उभे होते. ते एवढेच म्हणाले, "बघ बाबा, तुला कळतंय." आम्हाला काहीच कळत नव्हते.

पुढे इंजिनियरांनी भूकंपाचा जो अभ्यास केला, त्यात असे दिसले की, जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या प्रचंड ओझ्याने. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भिंतीपासून वेगळा आणि धड होता, तेथे कितीतरी ठिकाणी भिंती पडूनही छत उभे राहिले. जे वाचवणारे होते, तेच आम्ही विकले. ओझे कमी करून, भिंती बांधून घेऊन तो सांगाडा ठेवता आला असता. आपल्या भागातली अशी किती लाकडे शहरांत गेली, आणि तेथे त्यांची टेबले, पलंग, हॉटेलांच्या भिंती झाल्या! पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या दारे-खिडक्यांपुढे लोक तिकीट काढून उभे राहतात. तसलेच दार आम्ही सरपणाच्या काट्यावर घातले.

आमच्या घरात त्यातला एक हस्त तेवढा राहिला. एकदा मामांना तो दाखवला. त्यांनी उलटा करून पाहिला आणि सांगितले, "हे वाकसाने ताशीव काम. ही खालची तीन रेघांची खूण म्हणजे तिसरा खांब. कोणता हस्त कोणत्या खांबावर, ते चुकू नये म्हणून." आम्ही त्या हस्ताखाली लहानाचे मोठे झालो, पण तो कोणी घडवला, त्या माणसाचे नाव वडिलांनाही ठाऊक नव्हते. घर बांधणाऱ्या पणजोबांचे नाव चौकटीवर कोरलेले होते.

हा प्रश्न केवळ आष्टीचा नाही. चंदीगड शहर वसवताना, १९५० नंतरच्या दशकात, पिअर जान्नरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या आणि वेताच्या हजारो खुर्च्या हाताने बनल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून भंगारात गेल्या, आणि परदेशांतल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. लिलावाच्या यादीत जान्नरे यांचे नाव असते. कुसू कापणाऱ्यांची नावे कोठेच नसतात. इंग्लंडात विल्यम मॉरिस यांनी १८६१ साली हातकामाच्या सामानाची संस्था काढली. खेड्यातल्या साध्या खुर्चीवरून त्यांच्या संस्थेची ससेक्स खुर्ची निघाली. यंत्राने माणसाचे कसब मारले, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले; पण हाताने केलेले बहुतेक सामान श्रीमंतांच्याच घरी जाते, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि कामगार चळवळीत उतरले. त्यांचे कोडे आजही सुटलेले नाही. हातकामाला पुरा दाम दिला तर सामान महाग. स्वस्त दिले तर सुतार उपाशी.

आम्ही हिशेब मांडून पाहिला. एका खुर्चीला कापणे, रंधणे, सांधे, घासणे, पॉलिश मिळून तीन दिवस धरा. गिऱ्हाईक लाकडाचा भाव मुकाट्याने देते, पॉलिशचा डबा मुकाट्याने घेते. घासाघीस होते ती तीन दिवसांच्या मजुरीवर. त्या खुर्चीचा घाट ठरवण्यात, लाकूड निवडण्यात गेलेला वेळ तर कोणी धरतच नाही. शहरात कागदावर आराखडा काढणाऱ्याला त्याबद्दल वेगळी फी मिळते.

आणि हात गेला तर? एका कामाच्या जागी गोल करवतीवर संरक्षक झाकण नव्हते. बावीस वर्षांच्या पोराची दोन बोटे गेली. मालक म्हणाले, हा आमच्या हजेरीवर नाही, नगावर काम करतो. नुकसानभरपाई मिळवायला दीड वर्ष लागले, आणि मिळाली ती अपुरी. तो आज चहाची गाडी चालवतो. त्याचा रंधा आमच्याकडे ठेवायला दिला आहे. परत न्यायला तो अजून आलेला नाही.

कायदे आहेत. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाची सोय झाली, महाराष्ट्रात ते मंडळ २०११ साली स्थापन झाले. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती तरतूद आता गेली आहे. इमारतीतील आतले सुतारकाम करणाराही नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला देऊन नोंद करू शकतो. हा दाखला देताना घरमालकांनी हात आखडू नये. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत स्वस्त कर्ज मिळते. हे चांगलेच आहे. पण कर्ज काढून हत्यार येते, काम येत नाही. काम आपण द्यायचे असते.

म्हणून शेवटी तीन मागण्या. संघटनेचा माणूस मागण्यांशिवाय भाषण संपवीत नाही, हे आपण चालवून घ्याल. पहिली: ज्यांच्या घरी माळवदाचे किंवा वाड्याचे लाकूड शिल्लक आहे, त्यांनी ते विकण्यापूर्वी एकदा गावच्या सुताराला दाखवावे, दारातून टेबल होते, तुळईतून बाक होतो. दुसरी: सामान करून घेताना लाकूड, मजुरी आणि रचना असे तीन आकडे वेगळे लिहावेत, आणि तिन्ही द्यावेत. तिसरी: वस्तूच्या खालच्या अंगाला करणाऱ्याचे नाव आणि साल कोरू द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात नगरहून नव्या आष्टीपर्यंत ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. कितीतरी पिढ्या जिची वाट पाहत होत्या, ती आली. आता जाता-येता आपण बाहेरचे तयार सामान पाहू, आणि ते स्वस्तही असेल. त्याच वाटेने आष्टीच्या बाभळीची खुर्ची बाहेर जावी, असे आम्हाला वाटते. पुढच्या वसंतात या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांसाठी एक तरी लांब बाक येथल्या सुताराकडून करून घ्यावा. आमच्या घरचा तो उरलेला हस्त त्या बाकाच्या टेकूला लावण्यासाठी आम्ही देऊ. त्याच्या तळाशी तीन रेघा आहेत. शेजारी या वेळी नावही कोरले जावे.